बोलावलंत, आता बसायला जागाही द्या: लिनक्सच्या जुन्याजाणत्यांना खुलं पत्र

वर्षानुवर्षं लिनक्स वापरणाऱ्या, इतरांना ते वापरायला सांगणाऱ्या आणि अडलेल्यांना उत्तरं देणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. दिवसाचे नऊ-दहा तास कॉम्प्युटरपुढे जातात, तेही बहुतेक मराठी मजकुरात. दहा महिन्यांपूर्वी मी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर आले. अजून आहे आणि जायचा विचार नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की ही बाई बॅग भरून बसली आहे.

बॅग भरली ती माझ्या एका सहकाऱ्याने. तो पुस्तकांची मांडणी करतो. माझं बघून लिनक्सवर आला, बारा दिवस टिकला आणि तेराव्या दिवशी सगळं पुसून त्याने जुनी ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा घातली. (बारावं-तेरावं मी मुद्दाम जुळवलेलं नाही, दिवस खरंच तेवढे होते.) त्याचं काय चुकलं हे समजून घ्यावं म्हणून मी तुमच्यापैकी काही जणांना विचारलं. एकाने लिहिलं, "गेला ना? बरं झालं. लिनक्स सगळ्यांसाठी नसतंच." बाकीच्या तिघा-चौघांनी त्यावर हसरे चेहरे टाकले.

हे पत्र त्या हसऱ्या चेहऱ्यांमुळे लिहिते आहे.

कारण बोलावणं तुमचं होतं. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे चांगली धडधाकट यंत्रं एका तारखेला म्हातारी ठरली. तेव्हा तुम्हीच सांगत होतात की यंत्र फेकू नका, लिनक्स घाला, सगळ्यांना जमतं. तेव्हा सगळ्यांना जमत होतं. माणूस अडकला की मात्र "सगळ्यांसाठी नसतंच". यातलं खरं कुठलं, ते एकदा ठरवा.

तुमच्या परंपरेबद्दल मला आदर आहे आणि तो वरवरचा नाही. 1980 च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर होता. त्यात कागद अडकायचा आणि दूर बसलेल्या माणसाला ते कळायचंही नाही. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरला त्या प्रिंटरचा प्रोग्राम सुधारायचा होता, पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवलं. पुढे 1983 मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपलं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लोकांपुढे ठेवलं. एवढ्या मोठ्या चळवळीच्या मुळाशी एका अडलेल्या माणसाला "तुला सांगता येत नाही" असं मिळालेलं उत्तर आहे. तेच उत्तर आज तुमच्याकडून यावं, याचं म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार सगळ्यात मोठी आहे: तुम्ही आधी खरं सांगत नाही. माझ्या सहकाऱ्याला येण्याआधी पाच जणांनी सल्ला दिला. "तुम्ही रोज काय काम करता?" हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की त्याचं पोट इनडिझाइन या मांडणीच्या प्रोग्रामवर आहे. इनडिझाइनची लिनक्स आवृत्ती नाही, फोटोशॉपचीही नाही. स्क्रायबस हा मांडणीचा मुक्त प्रोग्राम चांगला आहे, पण ते इनडिझाइनची फाइल थेट उघडत नाही. ती आधी इनडिझाइनमधूनच आयडीएमएल स्वरूपात काढून आणावी लागते, आणि आणल्यावरही सगळं जागच्या जागी सापडेल याची खात्री नसते. त्याच्याकडे वर्षानुवर्षांची कामं त्या फाइलींत पडलेली होती. त्याला "तूर्त थांबा" किंवा "दोन्ही ठेवा" एवढंच सांगायला हवं होतं. सांगितलं काय, तर "स्क्रायबस आहे की, तेच ते."

"तेच ते" हा शब्द तर मला आता ऐकवत नाही. लिबरऑफिस म्हणजे वर्डच, गिम्प म्हणजे फोटोशॉपच. नाही हो. माझ्याकडे एका हस्तलिखिताची वर्डमधली फाइल आली. पाठवणाऱ्याकडे ती 148 पानांची होती, माझ्याकडे 153 भरली. अनुक्रमणिका गेली, "पान 87 वरची दुरुस्ती बघा" हा निरोप निरर्थक झाला. दोन दिवस मी लिबरऑफिसला बोल लावत होते. शेवटी कळलं की दोष फॉन्टचा. फाइलमधला इंग्रजी मजकूर कॅलिब्री आणि केंब्रियात होता. ते फॉन्ट मुक्त नाहीत, म्हणून माझ्याकडे नव्हते. त्यांच्या जागी दुसरा कुठला तरी रुंद फॉन्ट बसला आणि ओळी ढकलल्या गेल्या. कार्लिटो आणि कॅलाडिया हे दोन मुक्त फॉन्ट नेमके त्यांच्याच मापाचे आहेत, अक्षराला अक्षर तेवढीच जागा घेतात. ते घातले आणि फाइल 148 वर आली. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना हे पहिल्यापासून माहीत होतं. "तेच ते" ऐवजी "हे दोन फॉन्ट आधी घाला" असं कुणी का म्हणालं नाही?

फ्रान्सच्या जॉंदार्मरी या पोलीस दलाचं उदाहरण तुम्ही अभिमानाने देता. जरूर द्या, पण पूर्ण द्या. त्यांनी 2005 मध्ये आधी ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. लोकांचे हात त्यावर बसल्यावर 2008 पासून खालची सिस्टिम बदलून उबुंटू हे लिनक्स घातलं. म्हणजे रोजची अवजारं आधी बदलली, जमीन नंतर. आम्हाला मात्र तुम्ही एका रविवारी दोन्ही बदलायला लावता आणि सोमवारी कामावर बसायला सांगता.

दुसरी तक्रार डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांच्या, भांडणाची. यावर फार लिहीत नाही. मी एक प्रश्न विचारला होता, त्यावर सात वेगवेगळी नावं आली आणि पुढे दोन दिवस ती सात माणसं आपापसात बोलत होती. मी तिथे होते हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तिसरी तक्रार सविस्तर सांगते, कारण तिने माझी एक रात्र खाल्ली.

माझी एक जादा हार्ड डिस्क आहे, जुन्या कामांची. दर वेळी ती हाताने उघडावी लागू नये म्हणून उपाय विचारला. एकाने लगेच एक ओळ दिली. म्हणाला, सुडो (सगळे अधिकार देणारी कमांड) लावून एफएसटॅब नावाची फाइल (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी) उघडा, तळाशी ही ओळ चिकटवा, सेव्ह करा, रीस्टार्ट करा. केलं. डिस्क आपोआप दिसायला लागली. मी त्याचे आभार मानले, त्याने अंगठा दाखवला, प्रकरण मिटलं.

तीन आठवड्यांनी ती डिस्क मी एका मैत्रिणीला दिली आणि रात्री यंत्र सुरू केलं. काळा पडदा. त्यावर एक लालसर ठिपके सरकणारी ओळ आणि शेजारी मोजणी: 1 मिनिट 30 सेकंदांपैकी इतके सेकंद झाले. मला वाटलं, अपडेट असेल. नव्वद सेकंद भरले आणि इंग्रजीत सूचना आली की तुम्ही आणीबाणीच्या मोडमध्ये आहात. त्याखाली दुसरी: कन्सोल उघडता येत नाही, रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खातं कुलूपबंद आहे. पुढे जायला एंटर दाबा. एंटर दाबलं की पुन्हा तेच. अकरा वाजले होते, सकाळी नऊला चाळीस पानांचं भाषांतर द्यायचं होतं आणि ते त्या यंत्रात होतं.

मोबाइलवरून मदत मागितली. पहिलं उत्तर: "एफएसटॅबला हात कुणी लावायला सांगितला होता?" दुसरं: "मॅन पेज वाचा." बंद पडलेल्या यंत्रावर मॅन पेज, म्हणजे यंत्रातच असलेली माहितीपुस्तिका, कशी वाचायची ते त्या सद्गृहस्थांनी सांगितलं नाही. तिसऱ्याने पुन्हा इन्स्टॉल करा म्हणून सांगितलं, तेही आतल्या फाइलींचं काय होईल याचा एक शब्द न बोलता.

चौथी एक मुलगी होती. विद्यार्थिनी असावी. मी तिला ओळखत नव्हते, आजही तिचा चेहरा पाहिलेला नाही. तिने फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "काकू, तुमच्या फाइली शाबूत आहेत. आधी हे ऐका, मग बाकीचं बघू." माझा श्वास तेव्हा कुठे खाली बसला. मग म्हणाली, "पडद्यावर जे दिसतंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा." मी वाचलं. तिने कारण सांगितलं: यंत्राला तुम्ही लिहून दिलंय की ही डिस्क असायलाच हवी. ते नव्वद सेकंद वाट बघतं, मग समजतं की काहीतरी मोठं बिघडलंय आणि थांबतं. ते आज्ञाधारक आहे, बिघडलेलं नाही. इन्स्टॉल करताना वापरलेला पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये होताच. त्यावरून यंत्र सुरू करायला लावलं, आतली डिस्क उघडायला लावली, एफएसटॅबमधल्या त्या ओळीच्या आधी एक हॅशची खूण टाकायला लावली, म्हणजे यंत्र ती ओळ सोडून देतं. रीस्टार्ट. माझा नेहमीचा पडदा, माझं भाषांतर.

मग ती म्हणाली की त्या ओळीत एक शब्द राहिला होता, "नोफेल". तो असता तर डिस्क नसतानाही यंत्र मुकाट्याने पुढे गेलं असतं. एक शब्द! ज्याने ओळ दिली त्याला तो माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त डिस्क होती, ती उद्या काढून कुणाला देणारी मी त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते.

कमांड देताना "ही काय करते, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर मागे कसं यायचं" या तीन गोष्टी सांगायला तीनच ओळी लागतात. सुडो म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या, हे तुम्हीच आम्हाला बजावता. आणि किल्ल्या हातात देऊन कुठल्या दाराला काय लावायचं हे मात्र सांगत नाही. डीडीसारखी, पेनड्राइव्हवर सिस्टिम उतरवणारी कमांड तर खात्रीसुद्धा विचारत नाही. डिस्कच्या नावात एका अक्षराची चूक झाली की पेनड्राइव्हऐवजी अख्खी हार्ड डिस्क पुसली जाते. नवख्याला गंमत म्हणून सगळं उडवणारी आरएम (फाइली पुसणारी) कमांड सांगण्याचा जुना विनोद तुमच्यात आहे. आजचं आरएम मुळावरच, म्हणजे अख्ख्या सिस्टिमवर, घाव घालायला निघालं तर स्वतःहून अडवतं. अडवण्याची सोय प्रोग्रामला करावी लागली, यावरून काय ते समजा.

चौथी तक्रार माझ्या पोटापाण्याची: मराठी टायपिंग. "'दुसऱ्या'तला तो र कसा काढायचा?" हा माझा पहिल्या आठवड्यातला प्रश्न. वर रफार चढून "दुसर्या" व्हायचं आणि मुद्रितशोधन करणाऱ्या बाईच्या हातून असं जाणं म्हणजे नाक कापलं जाणंच. उत्तरं आली. एक म्हणाला आयबस बदला, दुसरा म्हणाला आयबस काढून एफसीआयटीएक्स घाला, तिसरा म्हणाला वेलँड सोडून एक्स इलेव्हनवर या. पहिली दोन नावं टायपिंगच्या मधल्या प्रोग्रामची, पुढची दोन पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणांची. मी तिन्ही केलं. (होय, त्याच क्रमाने. आज हसू येतं.) एकजण म्हणाला, रोमनमध्ये लिहा आणि शेवटी कन्व्हर्ट करा. त्याला मी काय काम करते हे सांगितलं, पण फरक पडला नाही.

उत्तर फार सोपं होतं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट धरून 'J' ही कळ दाबली की ऱ येतो. मग 'D' दाबून हलंत, मग य. झालं "ऱ्य". आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या साध्या सेटिंगमध्येच असतं, त्याला आयबससारखा मधला दुभाष्या लागत नाही. त्यामुळे स्नॅप किंवा फ्लॅटपॅक अशा वेगळ्या पॅकेजमधून घातलेल्या एखाद्या प्रोग्राममध्ये फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबून होणारं) टायपिंग बंद पडलं तरी इनस्क्रिप्ट चालतं. फोनेटिकची सवय मोडायला मला महिना लागला, बोटं शिव्या देत होती, पण आता पूर्वीपेक्षा वेगाने लिहिते. हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं. कळलं एका निवृत्त टंकलेखकाकडून, ज्यांनी लिनक्स कधी पाहिलेलंही नाही.

पाचवी तक्रार भाषेची. इंग्रजीत "फ्री" या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, म्हणून तिथे मुक्तपणा वेगळा समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे देवाच्या दयेने दोन वेगळे शब्द आहेत, मुक्त आणि फुकट. तरी तुम्ही लोकांना बोलावताना "फुकट आहे" एवढंच सांगता, आणि माणूस अडला की "फुकटात मिळतंय तर कुरकुर कसली" म्हणता. व्यापारी सिस्टिम वापरणाऱ्यांना "गुलाम" म्हणणं तर सोडूनच द्या. माझ्या सहकाऱ्याला घर चालवायचं आहे. तो ज्या फाइलींवर घर चालवतो त्या जिथे उघडतात तिथे तो गेला. त्यात गुलामी कसली?

तुमच्यापैकी काही जण आता म्हणतील की आम्ही कुणाचे नोकर नाही, आम्ही आमच्या वेळेतून मदत करतो. अगदी मान्य. तुम्ही गप्प बसलात तर माझी काहीच तक्रार नाही. गप्प बसलेल्या माणसामुळे कुणाचं यंत्र बंद पडत नाही. तक्रार अर्ध्या उत्तराची आहे. आणि हेही मान्य करते की आमच्यातही असे आहेत जे "चालत नाहीये" एवढं दोन शब्दांत लिहून चमत्काराची वाट बघतात. मीही तसं लिहिलेलं आहे.

तर मागण्या. फार नाहीत.

कुणालाही लिनक्स सुचवण्याआधी तो रोज काय काम करतो ते विचारा, आणि त्याचं काम इथे होणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. "तूर्त येऊ नका" हा सल्लाच असतो, त्यात आपला पराभव नाही.

आधी प्रोग्राम बदलायला सांगा, सिस्टिम नंतर. लिबरऑफिस, फायरफॉक्स, गिम्प हे सगळं जुन्या सिस्टिमवरही चालतं. दोन महिने तिथे वापरू द्या.

इन्स्टॉल करायला बसवण्याआधी बॅकअप घेतला का हे विचारा, आणि तो बॅकअप एकदा उघडून बघायला लावा. जुनी सिस्टिम शेजारी ठेवायची असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यायला सांगा. बूटच्या सेटिंगला हात लागला की ती मागितली जाऊ शकते आणि तेव्हा ती नेमकी सापडत नाही. दोन सिस्टिममुळे घड्याळ साडेपाच तास मागेपुढे होतं, कारण एक यंत्रातली वेळ स्थानिक धरते आणि दुसरी जागतिक, हेही तेव्हाच सांगा. मी आठवडाभर ते यंत्राची बॅटरी संपल्याचं लक्षण समजत होते.

कारण न सांगता कमांड देऊ नका. ती ओळ वाचणारा माणूस ती जशीच्या तशी चिकटवणार आहे, हे गृहीत धरूनच लिहा.

अडलेला माणूस आला की पहिल्या वाक्यात त्याच्या फाइलींचं काय ते सांगा. शाबूत असतील तर शाबूत, धोक्यात असतील तर "आता काहीही दाबू नका" म्हणून सांगा.

आणि परत गेलेल्या माणसाला बग, म्हणजे दुरुस्त करायचा दोष, समजा. 2004 मध्ये उबुंटूच्या नोंदवहीत जो पहिल्या क्रमांकाचा बग लिहिला गेला तो कुठल्याही कोडमधला नव्हता. बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वाधिक आहे, हाच तो बग. खुद्द उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी नोंदवलेला, 2013 मध्ये बंद केलेला. ज्यांना एवढी मोठी गोष्ट बग म्हणून लिहिता आली त्यांना "मांडणी करणारा माणूस बारा दिवसांत परत गेला, कारण त्याला कुणी त्याचं काम विचारलं नाही" ही नोंद करायला जड जाऊ नये.

माझा वाटाही सांगते, नुसत्या मागण्या करून मोकळी होत नाही. मराठी टायपिंग, फॉन्ट आणि वर्डच्या फाइली या तीन बाबतींत कुणी नवा माणूस अडला तर मी उत्तर देईन, कारणासकट. त्या मुलीने मला फोनवर तासभर दिला होता. तेवढा वेळ मी दर आठवड्याला देऊ शकते. सहकाऱ्याच्या यंत्रात मी सध्या फक्त लिबरऑफिस आणि ते दोन फॉन्ट घालून दिले आहेत, त्याच्या नेहमीच्या सिस्टिमवरच. काल त्याने विचारलं, "हे तिकडेही असंच दिसतं का?" मी हो म्हणाले आणि विषय तिथेच सोडला.

आपली,
दहा महिन्यांची लिनक्सवाली

ता. क. : माझा स्कॅनर अजून रंगीत पान घेत नाही, फक्त काळंपांढरं. कुणाला उपाय माहीत असेल तर जरूर कळवा. डिस्ट्रो बदलायला सांगू नका.